आरूनं वाचलेले आकडे

"आला का ओटीपी? आला असंल बघ. जल्दी सांग, तीनच्या आत व्हाया पायजे!"

फोन स्पीकरवर. रेंज फक्त बांधावरच्या बाभळीखाली येती म्हनून मी तिथं उभी, एका हातात फोन, दुसरा हात भज्जीनं माखलेला, आन् आरूचे पप्पा नांदेडहून असे ओरडायलेले की कोपीत मांडलेल्या पांडवांनीबी ऐकलं असंल. कोपीपुढं जेवायला बसलेलं सगळं घर घास हातात धरून माझ्याकडं बघायलेलं.

"काय झालं काय?" मी मनले. "कुनी गेलं का?"

"मार्केट गेलं! हप्ता झाला पडायलंय, आज तर धाडकन आलं खाली. सगळं लाल झालंय. सरांनी ग्रुपवर टाकलंय, निघा मनून. तू निस्ता नंबर सांग. आता काढून घेऊ, अजून खाली गेलं की परत टाकू."

टुंग झालं. मेसेज आला. सहा आकडे. त्या सहा आकड्यांच्या मागं माझं सगळं पिको-फॉल होतं, लोकांच्या ब्लाउजांचे हूक होते, दिवाळीत रात्रंदिस मशीन चालवून सुजलेले पाय होते. आन् आरूचं पुढचं सगळं शिक्षान होतं. मी बोलंना, तर हे आनखीन ओरडले, "आगं मुकी झाली का? भाव पडायलाय!"

मुकी न्हवते झाले. भ्याले होते. मार्केटला न्हाई. मार्केट कुठं राहतंय मला काय माहीत. मी त्या बसलेल्या मानसांना भ्याले होते. सनाच्या दिवशी, पंगतीत, सगळ्यांसमोर नवऱ्याला न्हाई मनायचं, हे मला कुनी शिकवलेलंच न्हाई.

आता पुन्हा तेच दिवस आलेत. लोकांना थंडी पडली की हुरडा आठवतो, मला ओटीपी आठवतो. तुरीच्या शेंगा भरल्या, हरभऱ्याला घाटे धरले, सकाळी ज्वारीच्या पानावर दव दिसायला लागलं की माझं डोकं तडकतं. दुसऱ्या बाया मनतात किती छान दिवस. हाव, छान हायत. सासरच्या गावाला येताना निलंग्याच्या एसटीच्या खिडकीतून बघितलं तर हिरवंगार दिसतं सगळं, मधीच करडीचा पिवळा तुकडा, आन् बाया डोक्यावर पाटी घेऊन बांधानं चालायलेल्या. मला ते बघून रडू येत न्हाई. मला राग येतो, दात खाऊन येतो.

येळवस, मंजे वेळा अमावस्या, ती बाहेरच्या लोकांना सांगायला पायजे. तिकडं पुन्या-मुंबईला अमावस्या मनलं की लोक दचकतात, नवं काई करत न्हाईत. आमच्याकडं लातूरच्या बाजूला ही एक अमावस्या मोठ्या सनावानी. त्या दिवशी सगळं लातूर कुलूप लावून रानात जातं. रस्त्यावर कुत्रं दिसत न्हाई. ज्याला रान न्हाई त्याला दुसरा बोलावून नेतो. रानात कडब्याची कोप करायची, तिच्यावर नवी शाल टाकायची, आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे, पूजा करायची. मडक्यात ताकातली अंबील. बाजरीचे उंडे. आन् भज्जी.

भज्जी मंजे आपली तेलातली भजी न्हाई. त्या दिवसात रानात जे जे हाय ते ते एका पातेल्यात. तुरीचे दाने, वटाना, पावटा, हरभऱ्याचे कवळे घाटे, मेथी, पातीचा कांदा, गाजर, वांगं, वरून चिंच आन् बेसन. आदल्या दिवशी आम्ही बाया अंगनात बसून शेंगा सोलतो तर नखं हिरवी होतात, दोन दिवस जात न्हाईत. एखाद्या वर्षी वटाना किडका निघतो. निघू द्या. भज्जी बिघडत न्हाई. एखाद्या वर्षी तूर लई येती, मग भज्जीत तूरच जास्ती पडती. कुनी सांगावं लागत न्हाई.

मला इंडेक्स फंड कळला तो ह्या भज्जीमुळं.

नांदेडात आमची खोली शिवम्मा काकूंच्या किराना दुकानाच्या वर. काकू उदगीरच्या, गळ्यात लिंग, कपाळाला भस्माच्या पट्ट्या, आन् हातात मोबाईल. मला 'तंगी' मनतात, मंजे त्यांच्या कानडीत धाकटी भईन. मी देगलूरच्या बाजूची, मला कानडी थोडं येतं, तेलुगू त्याच्याहून थोडं जास्ती, म्हनून त्यांचं माझं जमलं. त्यांचा ल्योक पुन्यात नोकरीला, त्यानं आईच्या नावानं दर महिन्याला फंडात टाकायला लावलेलं. मी ब्लाउज द्यायला गेले की काकू सांगायच्या.

"तंगी, एकाच कंपनीचा शेअर घेतलीस तर ते एकट्या साखरेवर दुकान टाकल्यागत. साखर पडली की तू बसली. माझं दुकान बघ. साबन हाय, डाळ हाय, चहापत्ती हाय. आज साबन खपला न्हाई तर डाळ खपते. हे फंड तसंच हाय. देशातल्या मोठ्या मोठ्या पन्नास कंपन्या, सगळ्यांचा थोडा थोडा वाटा. कोनती वर जाईल ते वळखत बसायचं कामच न्हाई. म्हनून खर्चबी कमी कापतेत."

मी मनले, "मंजे भज्जी."

काकू इतक्या हसल्या की गिऱ्हाईक बघायला लागलं. "हाव गं तंगी. भज्जीच."

"पन काकू, पडलं तर?"

"पडतंय की. पडनारच. साल-दोन साल पडून राहतंय कधी कधी. तवा पाचशे रुपयात जास्ती वाटे येतेत, वर असलं की कमी येतेत. तू आपली दर महिन्याला टाकत जा. भाव बघून टाकू नको, भाव बघून काढू नको. जे पैसे दोन-चार वर्षांत लागनारेत ते ह्यात घालू नको, ते बँकेत ठेव. आरू कालेजात जाईल तवा लागनारे तेच घाल."

"आन् तवाच नेमकं पडलेलं असलं तर?"

"म्हनून कालेजाच्या दोन-तीन वर्षं आधीपासूनच थोडं थोडं काढून बँकेत सरकवत जायचं. शेवटच्या दिवसाची वाट बघायची न्हाई. आन् रोज उघडून बघू नको बाई. कनीक भिजवून झाकून ठेवतीस, मग दर मिनिटाला बोट घालून बघतीस का?"

पुढं त्याच मनल्या, "वाढलंच असं मी लिहून देत न्हाई. कोनीच देत न्हाई. जो लिहून देतो त्याच्याकडं जाऊ नको."

मी नववीपर्यंत शिकले. पुढं शिकायचं होतं. घरात मनले, लई झालं वाचून, आता मशीन शीक. मशीन शिकले. मशीननं मला पैसे दिले, खोटं कशाला बोलू. पन त्या पैशानं मी ठरवलं होतं की आरूला कुनी 'लई झालं वाचून' मनायचं न्हाई. तेवढंच. मला बंगला नको, सोनं नको. लातूरला क्लासच्या बोर्डावर पोरींचे फोटो लागतात ना, एसटी स्टँडपासून सगळीकडं, दोन वेण्या घातलेल्या? त्या फोटोखालून जाताना मी आरूचा हात दाबती. ती मनती, "मम्मी दुखतंय."

आरूच्या पप्पांना सांगूनच मी फंडात दर महिन्याला पाचशे टाकायला सुरू केलं होतं. लपवून न्हाई. तेच मनले, "वान्याच्या बाईनं तुला शेअर मार्केट शिकवलं? वा!" पन ॲप त्यांनीच लावून दिलं, त्यांच्या फोनवर, कारन माझ्या फोनात जागा न्हाई. नंबर माझा, नाव माझं, पैसे माझे, ॲप त्यांच्या खिशात. तवा मला ह्यात काई वावगं दिसलं न्हाई. आता दिसतं. आता ते वाक्य मी मशीनवर बसल्या बसल्या मनात मनती आन् सुई तुटती.

आमचे हे वाईट न्हाईत. दारू न्हाई, पत्ते न्हाईत. टायरच्या दुकानात कामाला जातात, येताना आरूला जिलबी आनतात. पन त्या दुकानातल्या पोरांनी त्यांना एका ग्रुपात घेतलं. तिथं एक 'सर' हायत. सरांचं तोंड कुनी बघितलेलं न्हाई, गोल फोटोत बैल हाय. सर रोज सांगतात, आता घुसा, आता निघा. सरांचा बैल बोलला की आमच्या घरात भाजी करपती, कारन ह्यांचं बोलनं संपत न्हाई.

"तुला कळत न्हाई," हे मला मनायचे. "निस्तं टाकून बसनं मंजे अडान्याचं काम. हुशार मानूस पडायच्या आधी निघतो आन् तळाला परत घेतो."

"तळ कसा वळखायचा?"

"सर सांगतात की."

"सरांना कोन सांगतं?"

"तुझ्या तोंडाला लागन्यात अर्थ न्हाई."

तर बाभळीखाली मी उभी. मेसेज आलेला. मामा, मंजे माझे सासरे, आमच्यात सासऱ्याला मामाच मनतात, ते मधूनच मनले, "काढून घे की पोरी. पडायलेल्या भावात माल ठेवत असतेत का?"

आता इथं मला राग येतो तो सांगती. मामांच्या खोलीत सोयाबीनचे कट्टे कमरेएवढे लागलेत. एका वर्षाचं न्हाई, मागच्या वर्षीचंबी. भाव येईल मनून. खाट टाकायला जागा न्हाई म्हनून मामा कट्ट्यांवरच गोधडी टाकून झोपतात. रोज सकाळी लातूरच्या आडत्याला फोन, "आज काय निघाला?" तो सांगतो, मामा तोंड वाकडं करतात, फोन ठेवतात. खाली उंदरांनी पोती फोडलेत, दाने वाळून हलके झालेत, खोलीत शिरलं की कुबट वास मारतो, आत्याबाई, मंजे सासूबाई, पदर नाकाला लावून झाडतात. त्या मालाला दोन वर्षं सबर हाय. आन् माझ्या फंडाला तीन वाजेपर्यंतचा दम न्हाई!

आन् मी बोलले. भीत भीत, पन बोलले. "मामा, सोयाबीन तर ठेवलंय की तुम्ही."

पंगतीत कुनीतरी फिसकन हसलं. आत्याबाई असतील. मामांनी घास खाली ठेवला.

"सोयाबीन डोळ्याला दिसतंय," ते मनले. "मूठभर घेऊन दाताखाली चावून बघता येतंय. तुझं काय दिसतंय? दाखव. फोनात हात घालून दाखव."

मला दाखवता आलं न्हाई. हेच तर. जे सडतं ते दिसतं म्हनून त्याच्यावर भरवसा, आन् जे सडत न्हाई ते दिसत न्हाई म्हनून त्याला पळायची घाई. सोयाबीन ठेवून त्याचं दुप्पट सोयाबीन होत न्हाई, उलट उंदरांना जातं. त्या पन्नास कंपन्यांत मानसं रोज कामाला जातात, सिमेंट इकतात, गोळ्या इकतात, आपन झोपलो तरी ते चालूच. हे मला आज असं सांगता यायलंय.

"आरू कुठाय?" फोनातनं हे मनले. आवाज एकदम गोड. "आरू बेटा, मम्मीच्या फोनवर नंबर आलाय बघ. वाच बरं पप्पाला!"

आरू तवा अंगनवाडीत. नवे नवे आकडे शिकलेली. एसटीवरचे वाचायची, घराच्या मीटरवरचे वाचायची, खताच्या पोत्यावरचे वाचायची. ती उंडा हातात घेऊन पळत आली, "मी वाचते, मी वाचते!"

फोन माझ्या हातातून कुनी हिसकावला न्हाई. मामांनी पंगतीतनं उठून येऊन हात पुढं केला. मोठ्या मानसानं हात पुढं केला की आपल्या हातातली वस्तू आपोआप त्या हातात जाती, हे मला माहेरी शिकवलं होतं. हे मात्र नीट शिकवलं होतं.

मामांनी आरूला कडेवर घेतलं. "वाच माझी मास्तरीन."

"चार," आरू मनली. तुरीत होले घुमत होते. "शून्य. शून्य. सात. एक." मग थांबली. डोकं तिरकं केलं. "सहा का नऊ?"

मी देवाला मनले, नऊ मनू दे. खरं जे असंल त्याच्या उलटं मनू दे. मी माझ्या लेकीचं चुकावं मनून देवाला हात जोडले, तुम्ही कधी जोडलेत?

"बेटा, गोल वर हाय का खाली?" हे फोनातनं.

"खाली."

"मंजे सहा! शाब्बास! वाघीन माझी!"

आन् पंगतीनं टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. आत्याबाईंनी तिच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली, नजर लागंल मनून. तिळाच्या पोळीचा मोठा तुकडा दिला. आरू टाळ्या ऐकून इतकी खूश झाली की तिनं तेच आकडे पुन्हा एकदा वाचले, मोठ्यानं, गानं मनल्यागत. ज्या पैशावर तिला शिकायचं होतं, ते पैसे तिनंच, तिच्या पहिल्या वाचनानं, काढून दिले. आन् टाळ्या.

मग अंबीलीचं मडकं घेऊन सगळे रानाला चक्कर मारायला गेले, पिकावर शिंपडत, आरडत. मी खरकटी गोळा केली. भज्जीचं पातेलं घासलं. राखेनं घासलं, मातीनं घासलं, ते कधीच निघालं होतं तरी घासत बसले.

नंतरचं ऐका. नंतरचं तर लई मजेचं.

पैसे खात्यात आले. आपन जेवढे घातले होते त्याच्यापेक्षा थोडेच जास्ती, कारन पडलेल्या भावात काढले. हे मनले, "बघ, वाचवले का न्हाई?" मार्केट आनखी थोडं पडलं. हे मिशीला ताव द्यायला लागले. मी मनले, "आता तर खाली आलंय, आता टाका." हे मनले, "अजून पडनार हाय, सर मनलेत." मग एका सोमवारी एकदम चढलं. हे मनले, "हे खोटं चढनं हाय, परत येईल." आलं न्हाई. मग आनखी चढलं. "आता लई वर गेलं, आता कोन घेतं? थोडं खाली येऊ दे." आम्ही निघालो त्या भावाच्या वर गेलं, बरंच वर गेलं, आन् आमचे पैसे बाहेर उभे, जत्रेत तिकीट न मिळालेल्या मानसागत.

मला तवा कळलं. काकूंनी सांगितलेलं तवा कळलं. भाव बघून खेळनाऱ्याला एकदा बरोबर येऊन चालत न्हाई. निघायचंबी बरोबर यायला पायजे आन् शिरायचंबी. एक जमलं तर दुसरं हुकतं. चढायचे मोठे दिवस सांगून येत न्हाईत, आन् बऱ्याच वेळा ते पडायच्या दिवसांना लागूनच येतात, जवा भिऊन सगळे बाहेर पळालेले असतात. ते दिवस आपन बाहेर उभं राहून घालवले तर पुढं कितीबी बसा, ते परत येत न्हाईत.

आन् बाहेर उभे असलेले पैसे उभेच राहतात का? त्यांना लगेच काम लागतं. गाडीचा टायर. सरांच्या 'स्पेशल' ग्रुपाची फी, हाव, सरांनी फीबी घेतली! मामांच्या डोळ्याचं ऑपरेशन, त्याला मी न्हाई मनले न्हाई, मनून दाखवा मला. एक एक करून सगळ्यांची कारनं खरीच होती. खोटी असती तर भांडता आलं असतं.

काकूंना सांगायला गेले तर त्या तांदूळ मोजत होत्या. मोजनं थांबवलं न्हाई. "रडू नको," मनल्या. "पुन्हा पेर. तुझं वय काय, लेकरू केवढं. येळ हाय अजून तुझ्याकडं." मला रडायचं न्हवतंच. मला काईतरी फोडायचं होतं.

मी घरी येऊन मनले, "उद्यापास्नं ब्लाउजाचा एक रुपया घरात देनार न्हाई." आयुष्यात पहिल्यांदा. दोन दिवस अबोला. मग हे मनले, "टाक बाई टाक, पाचशे रुपयानं कोन मरतं." पुन्हा सुरू केलं. ॲप पुन्हा त्यांच्याच फोनवर. माझ्या फोनात अजूनबी जागा न्हाई. मशीनची मोटर बदलायची का फोन, असं असतं ते. काकू मनल्या, "दुकानात ये, माझ्या पोराला विचारून तुझ्याच फोनात बसवू कसंबी." जाती जाती मनत राहिले. मशीनवरनं उठनं झालं न्हाई.

तवापासनं भाव बघायचा न्हाई असं ठरवलंय. पन भाव मला बघतो. ह्यांच्या चेहऱ्यावरनं कळतं. हे चहा न पिता गेले की समजायचं लाल हाय. जिलबी आली की हिरवं. मी भाजी घ्यायला गेले आन् टमाटे स्वस्त दिसले तर दोन किलो घेती, कुनी घाबरून घरातले टमाटे बाजारात नेऊन इकत न्हाई. मग ह्याच एका मालाला स्वस्ताई आली की मानसं असं येड्यागत का करतात? मी हे ह्यांना विचारलं. मनले, "टमाट्याचं सोड." काय सोडू? माझ्या डोक्यात सगळं टमाट्यातनंच शिरतं.

आन् आता दोन वर्षांनंतर ही येळवस. आजची. कडब्याची कोप, नवी शाल, चुन्याचे पांडव. तूर यंदा झकास, भज्जीत तूरच तूर. मामांचे कट्टे अजून खोलीतच, आता त्याच्यावर आनखी दोन वर्षांचे चढलेत, मामा छताच्या आनखी जवळ झोपतात. ह्या वेळी आरूचे पप्पा रानात आलेत, दुकानाला सुट्टी हाय. पन दहा दिवसांपासनं चहा सुटलाय त्यांचा. मला कळलं होतं. मी भज्जी वाढताना त्यांच्याकडं बघत न्हवते, पन कळत होतं, ते बाभळीखाली जाऊन आले, परत आले, पुन्हा गेले.

आरू आता दुसरीत. आकडेच न्हाई, सगळं वाचती. बोर्ड, पाकिटं, लग्नपत्रिका, इंग्रजीतलंबी जोडून जोडून वाचती. माझा फोन तिच्याकडंच होता, बाभळीजवळच्या बांधावरनं पंगतीचा व्हिडिओ काढायलेली.

टुंग.

"आरू," बाभळीखालनं हे मनले. तोच गोड आवाज. "मम्मीच्या फोनवर नंबर आलाय. वाच बेटा."

"वाच माझी मास्तरीन," मामा पंगतीतनं मनले. ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी हसत.

आत्याबाई तिळाची पोळी मोडायला लागल्या.

आरूनं फोन डोळ्याजवळ धरला. तोंड उघडलं. मग ते बंद केलं. ओठ हलायलेले, मनातल्या मनात वाचायलेली. मग तिनं वर बघितलं, बापाकडं न्हाई, माझ्याकडं.

"मम्मी, इथं नंबरच्या आधी लिहिलंय. डू नॉट शेअर विथ एनीवन. आमच्या मॅडमनी शिकवलंय. कुनालाच सांगू नका." तिनं डोकं तसंच तिरकं केलं. "कुनालाच मंजे पप्पालाबी?"

"आगं ते तसं लिहितच असतेत," हे मनले. "तू नंबर वाच."

सगळे थांबलेत. घास हातात. आरू माझ्याकडं बघायली, तोंड उघडं टाकून, आन् मी पळी धरून उभी हाय. वाच मनले तर ती वाचंल, टाळ्या पडतील, आन् तिचं शिक्षान पुन्हा टायरात जाईल. पन वाचू नको असं मनायचं? मला आयुष्यभर वाचू नको मनलं, त्या लोकांचं तोंड मी माझ्या लेकीला दाखवायचं? का चारचौघांत तिला शिकवायचं, की बापानं इचारलं तर सहाचा नऊ सांग? ती सात वर्षांची हाय. ती विचारायली, उत्तर पायजे तिला, आत्ता पायजे.

सांगा ना. तुम्ही काय मनला असता?